भवानी पेठेतली खोली

वसतिगृहात जागा नव्हती. खिडकीतल्या बाईंनी यादी पुन्हा एकदा पाहिली आणि मान हलवली.

"प्रवेश झालाय ना तुझा? मग बाहेर खोली बघ."

सुकन्याने प्रवेशाची पावती फाईलमध्ये नीट ठेवली. बारावीला चौऱ्याऐंशी टक्के मिळाले तरी आबा कॉलेजचं नाव काढू देत नव्हते. मागच्या महिन्यात तिला अठरा वर्षं पूर्ण झाली आणि ते एकाएकी नरमले. अट एकच होती. निंगप्पा मामा दाखवेल ती जागा तिला पटली, तर सोलापूर. नाहीतर घरी.

मामा फाटकाबाहेर उभा होता. आईचा सगळ्यांत धाकटा भाऊ, एकतीस वर्षांचा, टॉवेलच्या कारखान्यात कामाला. सकाळी एस.टी. स्टँडवर भेटल्या भेटल्या त्याने विचारलं होतं, "अक्कानं तुला समदं सांगितलं न्हवं?"

"सांगितलं की. मामाच्या शब्दाबाहेर जाऊ नको म्हणाली."

मामाने मोठा श्वास सोडला होता आणि तिची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली होती.

"मिळाली जागा?" आता त्याने विचारलं.

"भरलंय. शुक्रवार पेठेत मुलींची एक जागा आहे म्हणे. बघू या?"

"बघू की. तुजं समाधान होऊ दे."

शुक्रवार पेठेत एका खोलीत सहा मुली होत्या आणि पाणी तीन दिवसांआड येत होतं. मामाने दारातूनच मान हलवली. सुकन्याचं तोंड उतरलं. साडेपाचची गाडी होती आणि दीड वाजून गेला होता.

"आदी जेव," मामा म्हणाला. "उपाशीपोटी समदंच वंगाळ दिसतं."

खानावळीत कडक भाकरी, भाजी, शेंगाची चटणी आणि दही आलं. भाकरी कशी मोडायची, भाजीत किती वेळ भिजू द्यायची, हे मामाने तिला शिकवलं. परीक्षेच्या दिवसांत डबा कुठून आणायचा, कुठल्या गाड्यावर खायचं नाही, तेही सांगितलं.

"मामीला येतात का रे भाकरी करायला?" तिने हळूच विचारलं.

मामाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. सगळं घाईत ठरलेलं. त्यासाठी मामाने नवी खोलीही घेतली होती. मुलगी कुठली, असं विचारलं की आई म्हणायची, "ओळखीतलीच हाय," आणि कामाला लागायची.

मामा पाणी पिता पिता ठसकला. "जळाल्या तरी खाईन की."

तिथून ती दोघं सिद्धेश्वर तलावावर गेली. किल्ल्याच्या तटाची सावली पाण्यात पडली होती. काठावर कॉलेजची मुलं वह्या उघडून बसली होती.

"रविवारी हितं येत जाऊ," मामा म्हणाला.

"मामीला घेऊन?"

"लई चेष्टेखोर झालीस तू." तो हसला आणि पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चल. एक खोली दावतो. भवानी पेठेत हाय."

घरमालकीण बसम्मा जिन्यापाशी तांदूळ निवडत बसली होती. तिने सुकन्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि "छलो, चांगली हाय," असं स्वतःशीच म्हणाली. मग आत बसलेल्या नवऱ्याला हाक मारली, "मामा, वरची चावी द्या." सुकन्याला नवल वाटलं नाही. तिच्या गावाकडेही दोन-तीन म्हाताऱ्या अजून नवऱ्याला मामाच म्हणायच्या.

खोली स्वच्छ होती. स्वयंपाकाचा कट्टा, नवा कुकर, रस्त्याकडे उघडणारी खिडकी. खिडकीखाली एक टेबल आणि वाचायचा दिवा.

"ह्यो तुज्या अभ्यासाला," मामा म्हणाला. "कॉलेज हितनं पंधरा मिनिटांवर. चालत जाशील."

"ही तर तू लग्नासाठी घेतलेली खोली ना? मी इथं राहू?"

"तुज्यासाठीच घेतलीय की."

सुकन्या टेबलावरून हात फिरवत राहिली. असं टेबल घरी कुणाचंच नव्हतं. "आणि मामीला चालेल?"

मामा यावेळी मोकळेपणाने हसला. "इचार की तिला."

तिने तिथूनच आबांना फोन लावला. "आबा, जागा पटली मला."

आबांनी पलीकडून विचारलं, "मनापासून पटली न्हवं? कुणी जबरदस्ती न्हाय?"

"मनापासून, आबा."

"माजं लई मोटं वज्जं उतरलं, पोरी." आबांचा आवाज भरून आला. सुकन्याचेही डोळे पाणावले. आबांना एवढं बरं वाटलेलं तिने कधी ऐकलं नव्हतं.

स्टँडकडे जाताना मामा एका छापखान्यापाशी थांबला. मालक मडिवाळप्पाने एक कच्चा कागद पुढे केला. "लग्नपत्रिका तयार हाय. एकदा वाचून घ्या. छापल्यावर चूक निघाली तर समदा कागद वाया."

"हिला द्या," मामा अभिमानाने म्हणाला. "बी.एस्सी.ला हाय ती."

"अरे वा. घ्या बाई, लाल पेन."

सुकन्या स्टुलावर बसली. मांडीवर फाईल, फाईलवर कागद. शाळेत बाई पेपर तपासायच्या तशी ती एकेका ओळीखाली पेन धरून सावकाश वाचू लागली. वर कुलदैवताचं नाव, बरोबर. तारखेत एक आकडा उलटा पडला होता, तिने तो गोल केला. मडिवाळप्पा खूश झाला. पुढच्या ओळीत 'चिरंजीव निंगप्पा' होतं, तेही बरोबर. मामाकडे बघून ती हसली आणि मामीचं नाव कळणार म्हणून पेन घाईने खाली नेलं.

तिथे वधू म्हणून तिचं स्वतःचं नाव होतं, आबांच्या आणि गावाच्या नावासकट, एकही चूक नसलेलं.