लाखनीच्या फाट्यावरून थेट

चॅनेलवाल्यांनी शकुनबाईला पानठेल्यापाशी उभं केलं आणि ट्रक ड्रायव्हर भोजराजला त्याच्या ट्रकजवळ. चर्चा सुरू होईपर्यंत एकमेकांशी बोलू नका, असं वार्ताहर प्रवीणनं दोघांना बजावलं.

शकुनबाई शाळेत खिचडी शिजवायची. चार दिवसांपूर्वी लाखनीच्या पुढच्या या फाट्यावर हायवे ओलांडताना भोजराजचा ट्रक अंगावर आला आणि ती सायकलसकट पडली. उठून तिनं सायकल ट्रकपुढे आडवी लावली. त्याला खाली उतरवून तिनं झाप झाप झापलं. कुणीतरी मोबाईलवर घेतलेलं तेवढंच भांडण टीव्हीवर दोन दिवस फिरत होतं. नंतर भोजराजनं तिचं वाकलेलं हँडल सरळ करून दिलं, ते कुणी घेतलंच नव्हतं.

ट्रकमालकानं भोजराजला सांगून ठेवलं होतं, टीव्हीवर चूक कबूल केलीस तर उद्यापासून येऊ नको.

साडेचारला चर्चा सुरू झाली. सायकलवाल्यांना हायवेवर बंदी घालावी का, असं स्टुडिओतल्या निवेदकानं भोजराजला विचारलं.

"चूक माही होती. ब्रेक मी उशिरा मारला. बाई बराबर होती."

निवेदकानं घाईनं शकुनबाईकडे मोर्चा वळवला. ड्रायव्हर लोकांचा तिला किती राग येतो, हे त्याला ऐकायचं होतं.

"याच्यावर कायले राग धरू? याले बी घरी जायाचं रायते, मले बी," ती म्हणाली. मग कॅमेरावाल्याकडे वळली. "भाऊ, तो कॅमेरा तिकडे फिरव."

पलीकडे शाळा सुटलेल्या तीस-पस्तीस मुली सायकली धरून उभ्या होत्या. गाड्यांची रांग तुटत नव्हती. रोजच त्यांचा असा अर्धा तास जायचा.

कॅमेरा आत्ताच्या आत्ता मागे घे, असं प्रवीणच्या कानात स्टुडिओतून कुणीतरी ओरडत होतं. त्यानं कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं आणि कॅमेरावाल्याला मान हलवून तसंच राहू दे म्हणून खुणावलं.

भोजराज रस्त्यात उतरला. नागपूरकडून येणाऱ्या गाड्यांपुढे दोन्ही हात वर करून उभा राहिला. पहिला ट्रक कचकन थांबला, मागे बस, तिच्यामागे आणखी ट्रक. दुभाजकापलीकडे शकुनबाई उभी राहिली. तिकडच्याही गाड्या थांबल्या.

मुली निघाल्या. सायकल ढकलत पळायची सवय असलेल्या त्या मुली आज सीटवर बसून, घंट्या वाजवत रस्ता ओलांडत होत्या.

शेवटच्या मुलीची चेन ऐन मधोमध उतरली. ती खाली उतरली, वाकली, हातानं पायडल फिरवून चेन चढवली, काळे झालेले हात रुमालाला पुसले. मग सीटवर बसून ती सावकाश पुढे गेली.

तोवर एकाही गाडीचा हॉर्न वाजला नाही.