अप्पांचं रक्त

"गोळ्या बंद कराव्या लागतील, सार," डॉ. विशालाक्षी म्हणाल्या. "नाहीतर ही टेस्ट करून उपयोग नाही."

अड्यारच्या त्या रुग्णालयात रक्त गोठण्याच्या तपासण्या त्याच बघत. घराणं तंजावरचं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची. समोर रेल्वेतून निवृत्त झालेले वसंतराव बसले होते. एका बाजूला पत्नी विमला, दुसऱ्या बाजूला मुलगी देविका आणि जावई सिद्धार्थ.

वसंतरावांच्या पायात दुसऱ्यांदा गुठळी झाली होती. या वेळी तिचा तुकडा फुफ्फुसापर्यंत गेला होता. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर ते कसेबसे सावरले होते.

"रक्ताच्या गोठण्याला आवर घालणारी प्रोटीनं असतात," डॉक्टर सांगू लागल्या. "त्यातलं एखादं जन्मापासून कमी असलं, की असं होतं. पण तुमच्या गोळ्याही तीच प्रोटीनं कमी करतात. आत्ता मोजलं तर खरं काय ते कळायचं नाही."

"कळून माझं औषध बदलेल?"

"नाही. तुमाला गोळ्या जन्मभर घ्यायच्याच." डॉक्टरांनी देविकाकडे पाहिलं. तिला चौथा महिना होता. "पण हा दोष बापाकडून लेकरात येऊ शकतो. बाळंतपणात गुठळी झाली तर जिवावर बेततं."

सिद्धार्थचा चेहरा उतरला. "मग देविकाचीच टेस्ट करा ना."

"त्यातलं एक प्रोटीन पोटात बाळ असताना आपोआप उतरतं. तिचं कमी आलं तर अर्थ काय लावायचा? आधी वडलांत कुठलं कमी ते कळलं, तर तिच्यात नेमकं तेच बघतां येईल."

"नको," देविका पटकन म्हणाली. "अप्पांच्या जिवाशी खेळ नको. मला काही होणार नाही."

"असं कसं म्हणतेस तू?" सिद्धार्थचा आवाज चढला. "तुझं नाही, तर बाळाचं तरी बघ!"

वसंतरावांनी जावयाकडे पाहिलं. मग लेकीकडे.

"बंद करा गोळ्या," ते म्हणाले.

गोळ्यांचा अंमल पुरता उतरेपर्यंत महिनाभर त्यांच्या जागी पोटात टोचायची इंजेक्शनं आली, सकाळ-संध्याकाळ. वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये विमलाच ती देत असे. वसंतरावांचं पोट काळंनिळं पडलं. सुई कुठे टोचावी, तेच तिला कळेना.

एका सकाळी तिनं सिरिंज टेबलावर ठेवली. "पुरे झालं हे. कशासाठी चाललंय सगळं? तुम्ही साधं एका शब्दात..."

"हळू," वसंतराव म्हणाले. "देविका आत आहे."

विमलानं डोळे पुसले आणि सुई उचलली.

तिसऱ्या आठवड्यात त्यांची पोटरी सुजली. सिद्धार्थ पेरुंगुडीच्या ऑफिसातून धावत आला आणि त्यांना घेऊन रुग्णालयात गेला. सोनोग्राफीत नवी गुठळी दिसली नाही, तरी विशालाक्षी घाबरल्या होत्या.

"इथंच थांबूं या, सार. गोळ्या परत सुरू करतें."

"किती दिवस राहिलेत?"

"थोडे. पण धोका तुमाला आहे."

"मग थोडे दिवस काढू की," वसंतराव म्हणाले.

इतक्या वर्षांत असा बाप आपण पाहिला नाही, असं विशालाक्षींनी त्या दिवशी घरी बोलून दाखवलं.

ठरल्या दिवशी, सकाळचं इंजेक्शन घ्यायच्या आधी वसंतरावांचं रक्त घेतलं. विशालाक्षी स्वतः यंत्राशी उभ्या राहिल्या. रक्तातलं पाणी वेगळं काढून त्यात सापाच्या विषापासून बनवलेलं एक द्रव्य घालायचं. त्यानं आवर घालणाऱ्या प्रोटीनांपैकी 'प्रोटीन सी' जागं होतं आणि गोठणं लांबवतं. जितकं प्रोटीन जास्त, तितका गोठायला उशीर. वसंतरावांचं रक्त बघता बघता गोठलं. बाकीची प्रोटीनं ठीक होती. कमी होतं ते प्रोटीन सी.

गोळ्या त्याच दिवशी पुन्हा सुरू झाल्या. आता पाळी देविकाची होती. तिनं हात पुढे केला.

तिचं रक्त गोठायला भरपूर वेळ घेत होतं. विशालाक्षींनी खात्रीसाठी पुन्हा एकदा लावून पाहिलं आणि हसत बाहेर आल्या.

"अगदी नॉर्मल! सुया नकोत, गोळ्या नकोत."

सिद्धार्थनं तिथेच डोळे मिटून हात जोडले. विमला भिंतीला टेकून रडू लागली. वसंतराव मात्र कितीतरी वेळ लेकीच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

"माझं रक्त तुझ्यात आलं नाही," ते म्हणाले. "बरं झालं, बाळा."

सगळे गाडीकडे निघाले. पर्स राहिली म्हणून देविका एकटीच मागे फिरली. विशालाक्षींनी तिची पाठ थोपटली.

"भाग्याची आहेस, अम्मा. हा दोष तुज्यात यायची शक्यता अर्धी होती. आणि बाप असा, की तुज्यासाठी जीव पणाला लावला त्यानं."

देविकानं दाराबाहेर नजर टाकली. वसंतराव सिद्धार्थच्या खांद्याचा आधार घेत गाडीत बसत होते.

"एवढं सोसलं त्यांनी. मग मी हात पुढे केला नसता, तर त्यांना काय वाटलं असतं?" ती म्हणाली. "तुम्हीही त्यांना कधी कळू देऊ नका, डॉक्टर. मला त्यांनी अनाथाश्रमातून आणलं, हे मला कॉलेजात असल्यापासून माहीत आहे."