क्रोटनची लाल पानं

क्रोटनची पानं आज पुन्हा लालभडक होती. श्वासातून आजार ओळखून रंग बदलणारं हे झाड आरोग्य केंद्राने इंदूआजींच्या उशाशी ठेवलं होतं. महिना झाला, हिरवं व्हायचं नाव नाही. म्हणून आजींना उठायची बंदी.

"आजींचं औषध वाढवावं लागेल," नर्स शेवंताताई म्हणाल्या.

आजींची सून मृदुला नेहमीसारखी झाडाला खेटून ओल्या फडक्याने पानं पुसत होती. "खालच्या दुकानातून आणते," म्हणून ती गेली.

आजींनी शेवंताताईंचा हात धरला. "दहा मिनिटं थांब, आणि झाडाकडे बघ."

पानांच्या कडा आधी पिवळ्या झाल्या, मग शिरा, मग अख्खं झाड हिरवंगार.

"अगं बाई! म्हणजे आजारी..."

"तीच. सांगितलं तर म्हणते, मला कुठे वेळ आहे आजारी पडायला?"

मृदुला धापा टाकत आली. औषध ठेवून तिने सवयीने फडकं उचललं. जवळचं पान लाल व्हायला लागलं.

आजी महिन्यानंतर पहिल्यांदा पलंगावरून उतरल्या. उशी झटकून त्यांनी सुनेच्या हातातलं फडकं काढून घेतलं.

"नीज आता," त्या म्हणाल्या.