टाकीतली गळती

आमच्या छोट्या शिडाच्या बोटीवर मी आणि नवरा, दोघंच. किनारा अजून अठरा दिवस लांब. गोडं पाणी फक्त पिण्यापुरतं. भांडी, अंघोळ, केस, सगळं समुद्राच्या पाण्यात, हा नियम निघताना मीच केलेला!

पण मिठाने डोक्याचा नुसता काथ्या झाला होता. तो वर पहाऱ्याला बसला की मी खाली दार लावून दोन मग गोड्या पाण्यात केस धुवायचे.

रोज सकाळी टाकीत पट्टी बुडवून पाणी मोजणं त्याचं काम. "अगं, टाकी कुठेतरी गळतेय," तो म्हणाला आणि चार दिवस फळ्या उचकटून, पालथा पडून गळती शोधत राहिला. बोटं सोलपटली त्याची. मी शेजारी टॉर्च धरून बसायचे. खरं सांगायला तोंड उघडायचे आणि "तिकडे बघितलंस का?" एवढंच विचारायचे.

चौथ्या संध्याकाळी मला राहवेना. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याने माझ्या मऊ केसांवरून हात फिरवला, मध्येच थांबला आणि मग उचकटलेली फळी परत जागेवर बसवली.

दुसऱ्या दिवसापासून त्याने शोधणं सोडलं आणि स्वतःच्या वाटणीचं पाणी निम्मं केलं. "मला तहान कमीच लागते गं." ओठ फुटले होते त्याचे. मी केस धुणं बंद केलं, पण कबूल काही केलं नाही.

धक्क्याला लागल्यावर त्याने आधी नळाची नळी ओढत आणली आणि माझ्या हातात दिली.



"घे. आता दार न लावता धू केस."