देवराईतली पायवाट

मुलांनो, असं एक शहर डोळ्यांसमोर आणा, ज्याचा आराखडा माणसं आखत नाहीत. आभाळातलं एक यंत्र पावलं मोजतं आणि जिथे वर्षभर कुणी फिरकत नाही, तिथे रिकामी जागा म्हणून इमारती आखतं.

त्या शहराला लागून असलेल्या वाघेडी गावाच्या देवराईवर आता त्याची नजर पडली होती. उद्या झाडं पडणार होती.

"रिकामी म्हणे!" यमीचा आजा कडवट हसला. "देवाची जागा म्हणून आम्ही पिढ्यान् पिढ्या आत पाय ठेवला नाही."

"मग यंत्राला तसं सांग ना, आजा."

"सांगितलं. ते म्हणतं, दिवस मावळेपर्यंत पावलं दाखवा."

"मागे माझा चेंडू आत गेला, तेव्हा मी आणायला गेले असते तर?"

"तंगडी मोडली असती तुझी."

"मग आता मोड."

 आजाने तोंड फिरवलं.

यमीने चपला काढल्या, देवाची माफी मागितली आणि देवराईच्या वेशीवरचा दगड ओलांडला. मग दिवस मावळेपर्यंत ती एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत चालत राहिली. तिच्यामागे, कधीच न तुडवलेल्या पाचोळ्यात, एक पायवाट पडत गेली.