आतला खिसा

गणवेशाच्या कारखान्यात शिक्षेची रांग लागली होती. नियम साधा: गुन्हेगाराला प्रत्येकानं काठीचा एकच फटका मारायचा, आधीच्यानं मारला तिथंच, म्हणजे मेला तरी खून कुणा एकाचा नाही. स्वतःचं काही असू नये म्हणून आम्हा कामगारांचे सदरे बिनखिशाचे. माझ्या भावाच्या सदऱ्यात खिसा सापडला होता. “कुणी शिवला?” मुकादमानं विचारलं. “मीच,” भाऊ रक्त थुंकत म्हणाला. त्याला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. खिसा मी शिवला होता. काठी माझ्या हातात आली. “मार, ताई,” तो पुटपुटला, “नाहीतर तुझीही चामडी लोळवतील.” “बाई, मुहूर्त काढायचाय का?” मुकादम हसला. मी काठी उचलली, मुकादमाच्या टाळक्यात घातली. तो कोसळला. मागच्या म्हातारीला काठी दिली. ती क्षणभर थबकली. मग रांग सवयीनं पुढे सरकली. प्रत्येकानं एकच फटका मारला, मी मारला तिथंच.