शेवटचं कडवं

घरून तपासून आणलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यात परुळेकर सरांना आज सकाळी एक बिननावाची प्रेमकविता सापडली. बारावीतल्याच कुणीतरी ती हळूच सरकवली असणार, असं धरून सरांनी ती फळ्यावर लिहिली आणि रसग्रहणाला घेतली.

"झाकून ठेवलेली पेज त्याची वाट बघत बसते, ही झाली चेतनगुणोक्ती. आता छंद बघा. पहिली तीन कडवी अष्टाक्षरी आणि शेवटचं एकदम मुक्तछंदात. आधी ओळीओळीत असलेला 'तू' तिथे औषधालासुद्धा नाही."

"म्हणजे काय, सर?" समीक्षाने विचारलं.

"म्हणजे बाईने आशा सोडली. आता ती काही थांबायची नाही. कविता नुसती वाचू नये गो, बाईचं मन ओळखता यायला हवं!"

पोरांनी बाकं वाजवली. त्याच तोऱ्यात सर संध्याकाळी कसालला घरी आले, तर दाराला कुलूप.

शेजारच्या काकींनी खालमानेने चावी पुढे केली. "मास्तरानू, यशोदा दुपारच्या गाडयेन गेली. मोठी बॅग होती वांगडा. ही चावी तुमका देवक सांगल्यान."

चावीला एक चिठ्ठी गुंडाळलेली होती. 'पेज झाकून ठेवली आहे.'





बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोचं अक्षर दोनदाच पाहिलं होतं. दोन्ही वेळा आजच.